गिरणीचा आवाज आणि फिल्म इन्स्टिट्यूटची मुलाखत

नमस्कार, श्रोतेहो.

पदवीचे निकाल लागले की दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. मुलगी किंवा मुलगा बी.एस्सी. झाला, बी.ए. झाला, आणि आता म्हणतो सिनेमाचं शिकायचंय. आईवडील विचारतात, तिथे आपल्यासारख्यांच्या मुलांना घेतात का? घेतात. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

पुण्यातली एफटीआयआय, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट, तुम्हाला माहीत आहे. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यात आली. तिच्याच स्टुडिओच्या आवारात १९६० साली सरकारनं ही संस्था सुरू केली. अशीच दुसरी सरकारी संस्था कोलकात्याला आहे, सत्यजित राय यांच्या नावाची, १९९५ सालची. दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, ध्वनी हे पुण्यातले मुख्य अभ्यासक्रम तीन वर्षांचे आणि पदवीनंतरचे आहेत. बहुतेकांना पदवी कोणत्याही शाखेची चालते. पुन्हा सांगते, कोणत्याही शाखेची. ध्वनीसाठी मात्र बारावीला भौतिकशास्त्र लागतं, आणि कलादिग्दर्शनासाठी उपयोजित कला, वास्तुकला, चित्रकला अशी त्या विषयाशी नातं असलेली पदवी लागते. आधी लेखी परीक्षा होते, त्यातून निवडलेल्यांना पुढच्या फेरीला आणि मुलाखतीला बोलावतात. बाकीचं माहितीपत्रकात असतं, ते शेवटच्या पानापर्यंत वाचा.

आता मुलाखतीचं सांगते. माझ्या ओळखीचा एक मुलगा आहे, मंगळवेढ्याकडचा. ज्वारीचा मुलूख. वडिलांची पिठाची गिरणी. मुलगा भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाला, ध्वनीच्या अभ्यासक्रमासाठी लेखी परीक्षा दिली आणि पास झाला. मुलाखतीचं बोलावणं आलं तसं पुण्यातल्या मित्रांनी त्याला परदेशी दिग्दर्शकांची एक लांबलचक यादी पाठवली. पठ्ठ्यानं ती एसटीत बसून पाठ केली. आदल्या रात्री आमच्याकडे मुक्कामाला होता. जेवताना पोलंडच्या दिग्दर्शकांची नावं म्हणून दाखवत होता, पण भाकरीला हात लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी आत गेला. समोरच्यांपैकी एकानं विचारलं, घरी काय असतं? हा म्हणाला, गिरणी. त्यांनी विचारलं, गिरणीचा आवाज कसा असतो?

याला वाटलं, सहज विचारतायत. पण विचारलंय तर सांगू, म्हणून सांगायला लागला. रिकामी गिरणी किंचाळते. दळण आत गेलं की तिचा आवाज खाली बसतो, जड होतो. मका कडकड करत जातो, ज्वारी त्यामानानं गुमान जाते. दगडाला नवी टाकी लावली, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडल्या असतील, तर पहिले दोन दिवस आवाज वेगळा. वडील बाहेर बाकावर कुणाशी बोलत बसलेले असतात, पाठ गिरणीकडे. पण वरच्या पेटीतलं धान्य संपत आलं की आवाज चढायला लागतो, आणि वडील अर्ध्या वाक्यातून उठून आत जातात. बघावं लागत नाही त्यांना.

मग त्यांनी विचारलं, आणि वीज गेली की?

तर हा म्हणाला, वीज गेली की गिरणी लगेच थांबत नाही. दगड फिरत राहतात, पट्टा सैल वाजतो, सूर खाली खाली येत जातो. पण खरी गंमत रांगेतल्या बायकांची. गिरणीच्या आवाजावर त्या ओरडून बोलत असतात. आवाज एकदम पडला की कुणाचं तरी एक वाक्य उरतं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि ते नेमकं जावेबद्दलचं असतं, आणि जाऊ रांगेतच असते.

समोरचे हसले. मग एकीनं विचारलं, हे पडद्यावर कसं दाखवशील? यानं जरा विचार केला आणि म्हणाला, बोलणारी बाई दाखवणारच नाही. जाऊ दाखवीन. डब्याचं झाकण लावता लावता तिचा हात थांबलाय, एवढंच. वाक्य नुसतं ऐकू येईल, आणि त्यानंतर पट्ट्याचा शेवटचा फटका.

बाकीची सगळी मुलाखत गिरणीवरच झाली. एकाही परदेशी दिग्दर्शकाचं नाव निघालं नाही. निवड झाली त्याची.

मी हा किस्सा भेटेल त्याला सांगते, कारण प्रवेशाच्या तयारीतला निम्मा भाग त्यात आलाय. परदेशी सिनेमे जरूर बघा. ते न बघता कुणी सिनेमा शिकू शकत नाही. पण मुलाखतीला जाताना तुमच्या गावात तुम्ही काय पाहिलंत, काय ऐकलंत, ते बरोबर घेऊन जा. पुन्हा सांगते, तुम्ही स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं. २००९ साली ध्वनीसाठी ऑस्कर मिळवणारे रसूल पुकुट्टी याच संस्थेत शिकले, आणि तेही भौतिकशास्त्राचेच पदवीधर. त्याच्याही कितीतरी आधी याच आवारात प्रभातच्या संस्थापकांपैकी विष्णुपंत दामले, म्हणजे दामलेमामा, ध्वनिमुद्रण सांभाळत होते.

आणि आवाजाचा विषय निघालाय म्हणून एक मनातलं बोलते. सिनेमा संपून नावं सुरू झाली की थिएटरवाले दिवे लावतात, आणि आपणही चपला शोधत उठतो. ध्वनिमुद्रकाचं नाव तिथेच येतं हो! ज्या माणसानं दोन तास आपल्याला पाऊस ऐकवला, त्याचं नाव वाचायला दोन मिनिटं बसलं तर काय बिघडतं? मला याचा फार राग येतो. आणि दुसरं, फोनवर, प्रवासात, एका कानात बोंडं घालून सिनेमा बघणं. वेळ जातो त्यानं, पण सिनेमा शिकायला निघालेल्या मुलांनी तरी तो अंधारात, मोठ्या पडद्यावर बघावा. गावाजवळ फिल्म सोसायटी असेल तर सभासद व्हा. पुण्यात असाल तर लॉ कॉलेज रस्त्यावरच १९६४ सालचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथले खेळ चुकवू नका.

आता कागदपत्रांचं, कारण तयारी झालेली मुलं इथे अडकतात. या संस्था केंद्र सरकारच्या आहेत. ओबीसीतून अर्ज करणार असाल तर नॉन-क्रीमीलेयरचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. कॉलेजच्या प्रवेशाला काढलेला राज्याचा दाखला इथे चालत नाही. पुन्हा सांगते, केंद्राच्या नमुन्यातला. तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का, तेही आधी बघून घ्या. दाखला हातात यायला वेळ लागतो, म्हणून जाहिरातीची वाट बघू नका. या आठवड्यातच सेतू केंद्रात जाऊन अर्ज देऊन या.

नमस्कार.