निसरडं ऑइल, घसरणारा क्लच

नमस्कार, श्रोतेहो.

घाट चढताना मोटरसायकलची रेस वाढते, आवाज वाढतो, गाडी मात्र ओढत नाही. इंजिनची ताकद चाकाकडे जोडणारा क्लच स्लिप मारतोय, म्हणजे पकड सोडून घसरतोय. अशा वेळी एक प्रश्न आधी विचारावा: मागच्या वेळी ऑइल कोणतं टाकलं? पुष्कळदा उत्तर येतं, कारचं. महाग म्हणजे चांगलं, असं समजून.

चांगलं ते असतंच, पण कारसाठी.

इंजिनचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, वेगात फिरतो तेव्हा तेल आपसूक आत ओढलं जातं आणि धातूला धातू लागू देत नाही. तिथे साध्या तेलानंही भागतं. पिस्टन मात्र वरच्या आणि खालच्या टोकाला क्षणभर थांबतो. झडपा उघडणाऱ्या कॅमचं टोक रॉकर नावाच्या दांडीला दाबून घासतं. अशा जागी तेलाचा थर टिकत नाही, आणि आरशासारखं चकचकीत पोलादही जवळून पाहिलं तर डोंगररांगच. शिखरं शिखरांना भिडतात. ॲडिटिव्हची, म्हणजे तेलात मिसळलेल्या रसायनांची, गरज पडते ती इथे.

एक प्रकार घर्षण कमी करणारा. ग्लिसरॉल मोनोओलिएट घ्या. यातलं ओलिक आम्ल म्हणजे आपल्या शेंगदाणा तेलातही भरपूर असतं तेच. या रेणूचं डोकं धातूला चिकटतं आणि लांब शेपटी वर उभी राहते. असे असंख्य रेणू शेजारी शेजारी उभे राहिले की पृष्ठभागावर मखमलीसारखी लव तयार होते, आणि धातूऐवजी लव लवेवर घसरते. बैलगाडीच्या आसाला एरंडेल का लावत, याचंही कारण हेच: त्याचे रेणू लोखंडाला धरून राहतात. मात्र इंजिन फार तापलं की ही लव सुटू लागते. मॉलिब्डेनमची संयुगं वेगळं काम करतात. घासण्याच्या उष्णतेनं ती तिथल्या तिथे मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे पत्त्यांसारखे थर बनवतात. घर्षणांक 0.1 च्या वर असतो, तो 0.05 च्या आसपास येतो.

दुसरा प्रकार झिंकचा, म्हणजे झेडडीडीपी. याच्याबद्दल गैरसमज फार. तो घर्षण कमी करत नाही, उलट किंचित वाढवतो! त्याचं काम झीज थांबवणं. दाब आणि उष्णतेखाली तो साधारण 100 नॅनोमीटर जाडीचा काचेसारखा थर बसवतो. धातूऐवजी हा थर झिजतो आणि पुन्हा बनतो. त्यातल्या फॉस्फरसनं धुरातले विषारी वायू कमी करणारा सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो, म्हणून पेट्रोल कारच्या आधुनिक पातळ ऑइलमध्ये फॉस्फरस 0.08 टक्क्यांपर्यंतच ठेवतात.

आता क्लच. बहुतेक मोटरसायकलींच्या क्लच प्लेटा इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. कॅमला निसरडेपणा हवा, प्लेटांना पकड हवी, आणि तेल एकच! कारच्या ऑइलचा निसरडेपणा नडतो तो इथे. म्हणून जपानी मानकात मोटरसायकलसाठी एमए आणि एमए-2 हे दर्जे आहेत, घर्षण फार न घटवणारे. एमबी गिअरलेस स्कूटरसाठी. तिचा क्लच कोरडा, ऑइलबाहेर असतो. बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत ‘जे-ए-एस-ओ’ शोधा आणि पुढची अक्षरं वाचा. 10डब्ल्यू-30 किंवा 20डब्ल्यू-40 हा नुसता घट्टपणा. त्यावरून क्लचचं काही कळत नाही.

चुकीचं ऑइल पडलंच असेल तर आधी क्लच केबल पाहा. लिव्हरच्या टोकाला साधारण 10 ते 20 मिलिमीटर ढील हवी. ती नसेल तर दोष ऑइलचा नसेलही. ढील ठीक असेल तर इंजिन तीन-चार मिनिटं चालवून कोमट करा, बंद करा, खालचा बोल्ट काढून ऑइल पूर्ण गळू द्या. वॉशर नवा लावा. पुस्तिकेत सांगितलं तेवढंच एमए किंवा एमए-2 ऑइल भरा. 100 सीसीच्या बऱ्याच गाड्यांना ते एक लिटरपेक्षा कमीच लागतं. जुनं ऑइल प्लेटांत मुरलेलं असतं, त्यामुळे थोडी गाडी चालवून हे नवं ऑइलही एकदा बदलावं. खर्च दुप्पट होतो, पण प्लेटांपेक्षा स्वस्त. तरीही स्लिप मारली तर कव्हर उघडावं लागेल. प्लेटा काळ्या, गुळगुळीत झाल्या असतील तर बदलायच्या, आणि नव्या प्लेटा काही तास ऑइलमध्ये भिजवूनच बसवायच्या. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच दिवशी जळू शकतात.

आणि ऑइलमध्ये वरून ओतायच्या ॲडिटिव्हच्या त्या जादूच्या छोट्या बाटल्या? ऑइलमध्ये ॲडिटिव्ह मोजूनमापून घातलेली असतात, आणि धातूवरच्या त्याच जागेसाठी त्यांची आपसात झटापट चालते. एक वाढवलं की दुसऱ्याला जागा उरत नाही. बाइकमध्ये तर त्या ओतूच नका.