छताखालचं अ‍ॅथलेटिक्स: सोव्हिएत युनियनची हिवाळी नॅशनल्स

मंडळी, ऑलिम्पिकबद्दल आपण भरपूर बोलतो, आणि बोलायलाच पाहिजे, पण ऑलिम्पिकला जे लोक मेडल घेताना दिसतात ते तयार कुठे होतात हे बघायचं असेल तर त्यांच्या घरच्या स्पर्धा बघाव्या लागतात. म्हणून आज मी सोव्हिएत युनियनच्या इनडोअर नॅशनल चॅम्पियनशिपबद्दल बोलणार आहे. हिवाळ्यातली, छताखालची, बहुतेक वेळा फेब्रुवारीत व्हायची ती. माझं ठाम मत आहे की 1980 च्या दशकात काही इव्हेंट्समध्ये, खास करून पोल व्हॉल्टमध्ये, म्हणजे लांब काठीच्या आधाराने दांडीवरून उडी मारायच्या खेळात, ही घरची स्पर्धा जिंकणं युरोपियन चॅम्पियनशिप जिंकण्यापेक्षा अवघड होतं. मुंबईच्या रणजी टीमचा जो सुवर्णकाळ होता ना, तेव्हा टीममध्ये जागा मिळवणं हीच मोठी परीक्षा असायची, तसंच काहीसं.

आधी हवामान बघू. आपल्याकडे ग्राऊंड बंद पडतं ते पावसाळ्यात, चिखल होतो, दोन-तीन महिने खो बसतो. तिकडे लेनिनग्राडला, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गला, किंवा उरल भागात नोव्हेंबरपासून जवळजवळ एप्रिलपर्यंत बर्फ. म्हणजे जवळपास अर्धं वर्ष. लांब पल्ल्याचा धावपटू बर्फातही पळेल, पण उंच उडीवाल्याने काय करायचं, हर्डल्सवाल्याने काय करायचं? काही जणांना काळ्या समुद्राच्या बाजूला, सोचीकडे वगैरे कॅम्पला पाठवायचे, तिथे थंडी कमी. पण एवढ्या मोठ्या देशात सगळ्यांना तिकडे पाठवणं शक्य नाही, मग मोठमोठ्या शहरांत बंदिस्त हॉल उभे राहिले, आत ट्रॅक, लांब उडीचा खड्डा, पोल व्हॉल्टचा रनवे, सगळं.

यातला सगळ्यात प्रसिद्ध हॉल म्हणजे लेनिनग्राडचं हिवाळी स्टेडियम. ही इमारत मुळात स्टेडियम नव्हतीच. अठराव्या शतकाच्या शेवटी, झार पॉलच्या काळात, घोडेस्वारीच्या सरावासाठी बांधलेली, मिखाइलोव्हस्की किल्ल्याच्या परिसरातली. पुढे 1820 च्या दशकात कार्लो रोसी या आर्किटेक्टने तिला नवं रूप दिलं. क्रांतीच्या काळात तिथे चिलखती गाड्यांचं पथक होतं, आणि जानेवारी 1918 मध्ये लेनिन तिथेच भाषण करून निघाला आणि वाटेत त्याच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या, शेजारी बसलेल्या स्विस कॉम्रेड फ्रिट्झ प्लॅटेनने त्याचं डोकं खाली दाबलं म्हणून वाचला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच इमारतीचं हिवाळी स्टेडियम झालं. घोड्यांसाठी बांधलेला लांबच लांब हॉल, मध्ये खांब नाहीत, उंच छप्पर, अ‍ॅथलेटिक्सला याच्यापेक्षा सोयीचं काय असणार!

याच लेनिनग्राडमध्ये जानेवारी 1961 मध्ये व्हॅलेरी ब्रुमेल नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने 2.25 मीटर उंच उडी मारली. तेव्हा अधिकृत वर्ल्ड रेकॉर्ड होता अमेरिकेच्या जॉन थॉमसचा, 2.22. म्हणजे ब्रुमेल तीन सेंटीमीटर वर गेला, पण इनडोअर उडी वर्ल्ड रेकॉर्ड म्हणून धरत नसत, त्यामुळे रेकॉर्ड थॉमसच्याच नावावर राहिला. मग पुढच्याच महिन्यात ब्रुमेल न्यूयॉर्कला गेला, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, थॉमसच्या घरच्या प्रेक्षकांसमोर, आणि तिथे त्याला हरवलं. त्याच उन्हाळ्यात मॉस्कोत 2.23 मारून अधिकृत रेकॉर्डही स्वतःच्या नावावर केला, आणि 1963 पर्यंत तो 2.28 वर नेला. त्याचे कोच व्लादिमिर द्याच्कोव्ह हिवाळ्यात वजनं उचलण्याचं भरपूर काम करून घ्यायचे, आणि त्याचं फळ छताखाली जानेवारीतच दिसायला लागायचं. हिवाळी स्पर्धेचा हा मोठा फायदा होता, तुमची मेहनत बरोबर दिशेने चाललीय की नाही हे उन्हाळ्याआधीच कळतं.

इनडोअरमध्ये नेमकं काय वेगळं असतं ते थोडक्यात सांगतो. लॅप 400 ऐवजी 200 मीटरचा, वळणं तिरकी उचललेली, नाहीतर वेगात माणूस बाहेर फेकला जाईल. 100 मीटर नाही, 60 मीटर, म्हणजे स्टार्ट बिघडला की शर्यत गेलीच, सावरायला वेळच नाही. थाळी, भाला, हातोडा नाही, कारण उघड आहे, गोळाफेक मात्र आहे. आणि चालण्याची शर्यत! 5000 मीटर चालायचं म्हणजे 25 लॅप, तेही जजेसच्या अगदी डोळ्यांसमोर, एक पाय सतत जमिनीला लागलेला पाहिजे. सोव्हिएत चालणारे यात पटाईत, मिखाईल श्चेन्निकोव्हने 1987 पासून ओळीने चार वेळा वर्ल्ड इनडोअर जिंकलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आत वारा नाही. पोल व्हॉल्टवाल्याला वारा म्हणजे किती डोकेदुखी हे विचारा, पाठीमागून आला तर पावलं चुकतात, समोरून आला तर वेग जातो, आत ही भानगडच नाही, पावलं मोजून तशीच्या तशी पडतात.

नॅशनल्सला खेळाडू यायचे ते आपापल्या क्रीडा संस्थांकडून, दिनामो, स्पार्टाक, सैन्याचा सीएसकेए, विद्यार्थ्यांचा बुरेव्हेस्तनिक, आणि आपापल्या प्रजासत्ताकांकडून. एस्टोनियापासून कझाकस्तानपर्यंत. आणि हिवाळ्याच्या शेवटी युरोपियन इनडोअर असायची, तिच्या टीममधल्या जागा मोजक्या. युरोपियन इनडोअर 1970 मध्ये व्हिएन्नात चॅम्पियनशिप म्हणून सुरू झाली, आणि युक्रेनचा स्प्रिंटर व्हॅलेरी बोर्झोव्हने या स्पर्धेत 1970 ते 1977 या काळात सात सुवर्णपदकं काढली, मध्ये म्युनिक ऑलिम्पिकला 100 आणि 200 दोन्ही जिंकून आला तो वेगळाच. मार्च 1978 मध्ये मिलानला झापोरिझ्झियाच्या व्लादिमिर याश्चेन्कोने 2.35 उंच उडी मारली, तीही जुन्या पद्धतीने, पोट दांडीकडे ठेवून, जेव्हा बाकी जग अमेरिकेच्या डिक फॉसबरीच्या पाठीवरून उडायच्या पद्धतीकडे वळत होतं. एकोणीस वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी गुडघा गेला आणि करिअर जवळपास संपलं. याश्चेन्कोबद्दल वाचलं की मला अजूनही वाईट वाटतं.

पण मला खरं सांगायचंय ते 1989 च्या हिवाळ्याबद्दल. त्याच्या आधी सेऊल ऑलिम्पिकला पोल व्हॉल्टची तिन्ही पदकं सोव्हिएत युनियनने नेली होती, सर्गेई बुबका 5.90, रोडिओन गटाउलिन 5.85, ग्रिगोरी येगोरोव्ह 5.80. एक युक्रेनमधला, एक ताश्कंदला जन्मलेला, एक कझाकस्तानचा. बुबकाने 1985 मध्ये पॅरिसला बाहेर 6 मीटर पहिल्यांदा ओलांडले होते, पण छताखाली 6 मीटर अजून कुणी ओलांडले नव्हते, बुबकानेसुद्धा नाही. आणि मग 22 जानेवारी 1989, लेनिनग्राड, गटाउलिनने बरोब्बर 6.00 मारली. सतत दुसरा येणारा माणूस इथे पहिला! दोन आठवड्यांनी, 4 फेब्रुवारीला, बेलारूसमधल्या गोमेलला त्यानेच 6.02 मारली. बुबका गप्प बसणार थोडाच, 11 फेब्रुवारीला जपानमध्ये ओसाकाला 6.03. म्हणजे तीन आठवड्यांत तीनदा रेकॉर्ड मोडला, दोघंही एकाच देशाचे. त्या मार्चमध्ये बुडापेस्टला वर्ल्ड इनडोअर झालं, ते गटाउलिनने जिंकलं, येगोरोव्ह दुसरा. बुबका जगातला सगळ्यात मोठा पोल व्हॉल्टर आहे हे मलाही मान्य, पण गटाउलिन नसता तर तो एवढा वर गेला असता का, मला नाही वाटत. घरातच असा माणूस मागे लागलेला असला की झोपायला मिळत नाही.

आणि शहरं बघा कुठली आहेत. आपल्याला मॉस्को, लेनिनग्राड एवढंच माहिती असतं. बुबकाचा पहिला मोठा इनडोअर रेकॉर्ड, 5.81, जानेवारी 1984 मध्ये विल्नियसला झाला. नताल्या लिसोव्हस्कायाने फेब्रुवारी 1987 मध्ये पेन्झाला गोळा 22.14 मीटर फेकला. ल्युडमिला नारोझिलेन्कोने फेब्रुवारी 1990 मध्ये चेल्याबिन्स्कला 60 मीटर हर्डल्स 7.69 सेकंदांत पळून काढली, तो रेकॉर्ड 2008 मध्ये स्वीडनच्या सुसाना कल्लूरने मोडला, अठरा वर्षं टिकला. फेब्रुवारी 1991 मध्ये व्होल्गोग्राडला बुबका 6.08. पेन्झा, गोमेल ही काही जगप्रसिद्ध शहरं नाहीत, पण तिथे असा हॉल होता आणि तिथलं शाळेतलं पोर वर्ल्ड रेकॉर्ड समोर बसून बघू शकत होतं. मला या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

आता एक गोष्ट टाळून चालणार नाही. डोपिंग. त्या काळातल्या सोव्हिएत खेळात ते होतं, पूर्व जर्मनीत होतं, इतरत्रही होतं, हे आता लपून राहिलेलं नाही. मी आत्ता नाव घेतलं ती नारोझिलेन्को 1993 मध्ये पॉझिटिव्ह सापडली, बंदी आली, नंतर ती उठली आणि 1996 ला स्वीडनकडून, एंगक्विस्ट या आडनावाने, ऑलिम्पिक सुवर्णपदकही जिंकली. महिलांच्या गोळाफेकीत तर चेकोस्लोव्हाकियाच्या हेलेना फिबिंगेरोव्हाचा 1977 चा 22.50 चा इनडोअर रेकॉर्ड आजही उभा आहे, आजच्या मुली त्याच्या जवळपासही जात नाहीत. त्यामुळे त्या काळातले आकडे, खास करून थ्रोजमधले, मी आदर्श म्हणून कुणाही मुलामुलीसमोर ठेवत नाही. हॉल, कोचिंग, घरातली चुरस हे शिकण्यासारखं आहे, ते घ्यावं, आणि औषधांचं जे होतं ते वाईट होतं, त्याने खेळाडूंच्या शरीराचं नुकसान झालं, हे स्पष्ट म्हणावं.

डिसेंबर 1991 मध्ये देशच संपला. पुढची युरोपियन इनडोअर जेनोआला होती, फेब्रुवारीच्या अखेरीस, म्हणजे मध्ये दोन महिनेच, तिथे हे लोक एका तात्पुरत्या एकत्रित टीमकडून उतरले. त्यानंतर सगळे वेगळे. विल्नियस लिथुआनियात, गोमेल बेलारूसमध्ये. बुबका युक्रेनचा झाला आणि 1993 मध्ये आपल्या डोनेत्स्कला 6.15 मारून गेला, तो रेकॉर्ड फ्रान्सच्या लाविलेनीने 2014 मध्ये त्याच डोनेत्स्कला, बुबकाच्या समोर मोडला. आणि ज्यांची जानेवारी-फेब्रुवारीत घरच्या घरी गाठ पडायची, त्यांची गाठ आता परदेशात पडायला लागली. 1993 ला टोरंटोच्या वर्ल्ड इनडोअरला पोल व्हॉल्टमध्ये पहिला गटाउलिन, रशिया, दुसरा येगोरोव्ह, कझाकस्तान.