पक्ष्याआधी पेटी

जेम्स हर्स्ट यांची ‘द स्कार्लेट आयबिस’ ही कथा तुम्ही सगळ्यांनी वाचली आहे, त्यामुळे कथानक सांगत बसत नाही. आठवणीपुरतं एवढंच: डूडल हा पांगळा धाकटा भाऊ, त्याला चालायला शिकवणारा मोठा भाऊ हाच निवेदक, आणि शेवटी पावसात मागे राहिलेला डूडल मरतो; आयबिस हा कथेतला लाल पक्षी. जुलै १९६० मध्ये ती ‘अटलांटिक मंथली’त छापून आली आणि पुढे अमेरिकेतल्या शाळाशाळांतून शिकवली गेली. आजचा जाहीर विषय आहे ‘भावांमधला संघर्ष आणि प्रतीकं’. संघर्षाकडे येणारच आहे. पण आधी प्रतीकांबद्दलचं माझं गाऱ्हाणं ऐकून घ्या.

ही कथा शिकवताना हमखास तक्ता केला जातो. डाव्या रकान्यात वस्तू, उजव्या रकान्यात अर्थ. लाल म्हणजे मृत्यू, वादळ म्हणजे संकट, पक्षी म्हणजे डूडल. मुलं ते पाठ करतात, मार्क मिळतात आणि कथा तिथेच संपते. त्या वस्तूमुळे कथेत घडतं काय, हे कुणी विचारतच नाही. तक्ता सोडा आणि एवढंच बघा: ती वस्तू कुणी आणली, तिला हात कोण लावतं आणि हात लावल्यावर दोघा भावांमध्ये काय बदलतं. हे विचारलंत की आधी पक्षी नाही, पेटी समोर येते.

पेटीची हकीकत आठवा. डूडल जन्मला तेव्हा बाळंतपण करणारी आंट नायसी सोडून कुणालाच तो जगेल असं वाटलं नव्हतं. वडिलांनी सुताराकडून महोगनीची छोटी शवपेटी करवून घेतली. पोर जगलं, तीन महिन्यांनी त्याचं नाव ठेवलं. पेटी मात्र कुणी मोडली नाही. ती कोठाराच्या माळ्यावर जाऊन पडली. मोठ्यांनी तिथे ठेवलेली ही वस्तू पुढे मोठ्या मुलाच्या हातात हत्यार म्हणून येते.

एक दिवस तो धाकट्याला माळ्यावर नेतो. पेटीवर पॅरिस ग्रीनचा थर आहे. पॅरिस ग्रीन म्हणजे तांबं आणि आर्सेनिक असलेली हिरवी विषारी पूड, इथे उंदरांसाठी टाकलेली. पेटीच्या आत घुबडांनी घरटं केलंय. वर विष आणि आत संसार, एवढं हर्स्ट दाखवतात आणि अर्थ सांगायला थांबत नाहीत. ही पेटी तुझी, असं मोठा सांगतो. माझी नाही, असं डूडल म्हणतो. मग अट येते: हात लाव, नाहीतर तुला इथेच ठेवून मी खाली जाईन. ज्याला चालता येत नाही त्याला शिडीच्या वरच्या टोकाशी ही अट घातलेली आहे. डूडल हात लावतो, घुबड फडफडत बाहेर पडतं आणि ती पूड दोघांच्याही अंगावर उडते. धमकी देणाराही माखतो, हे कृपा करून विसरू नका. खाली उन्हात आल्यावरही डूडल त्याला बिलगून, मला सोडून जाऊ नकोस म्हणून विनवत राहतो.

कथेतला सगळा संघर्ष मला या माळ्यावर सापडतो. भावावर माया आहे आणि त्या मायेच्या पोटात क्रूरपणाची गाठ आहे. माळ्याचा प्रसंग सांगण्याआधीच निवेदक हे स्वतः कबूल करतो.

घड्याळ दाखवलं जातंय, तेव्हा उरलेलं भरभर सांगतो. वादळानं झोपवलेलं मक्याचं शेत आणि १९१८च्या उन्हाळ्यात घराघरांत पोचलेली फ्रान्समधल्या लढायांची नावं, हे दोन्ही आज बाजूला ठेवावं लागतंय. डूडलच्या सहाव्या वाढदिवसाला, ८ ऑक्टोबरला, तो सगळ्यांसमोर चालून दाखवतो. घर आनंदानं रडतं आणि मोठाही रडतो, कारण आपण हे पांगळ्या भावाची लाज वाटली म्हणून केलं हे त्याला माहीत आहे. लाज भागत नाही, मागणी वाढते: शाळा सुरू होण्याआधी धावणं, पोहणं, झाडावर चढणं, मारामारी. खरी फूट मोठ्याच्या मनात आहे. शरीर मात्र धाकट्याचं मोडतं.

आता पक्षी, वादळानं आणलेला आणि त्यांच्या अंगणात पडून मेलेला लाल आयबिस. तोच प्रश्न विचारा: हात कोण लावतं? कुणीच नाही. डूडल खिशातली दोरी काढतो, पक्ष्याला न शिवता त्याच्या मानेत अडकवतो, एकटा पुरतो. माळ्यावर जबरदस्तीनं लावलेला हात आणि इथे जपून दूर ठेवलेला हात, हे शेजारी ठेवून वाचा. डूडलला त्या पक्ष्यात जे दिसलं ते मोठ्याला त्या दुपारी दिसत नाही.

पुढे मेलेल्या भावाला आपला पडलेला आयबिस म्हणतो तो निवेदक. ही उपमा त्याची आहे, अपराध उराशी धरून बसलेल्या माणसाची. पक्ष्याला वादळानं लांब आणून टाकलं होतं, त्याला कुणी मारलं नव्हतं. भावाला पक्षी म्हटलं की दोषाचा थोडा भार वादळावर जातो. पेटी ही सवलत देत नाही. माळ्यावर त्यानं सोडून जाण्याची धमकी दिली होती. पावसात, त्याच विनवणीचे शब्द मागून ऐकू येत असताना, तो खरोखर पुढे पळाला.