शाळा परीक्षेला कुठे बसते?

नमस्कार मंडळी. कार्यवाहांनी मला दहा मिनिटं दिलीत. घरी हल्ली दोनसुद्धा मिळत नाहीत.

गेल्या रविवारी आमच्याकडे वाजलं. इथे कॅलिफोर्नियात घर जिथे, शाळा तिथलीच; म्हणून सनीव्हेलचं घर विकून क्युपर्टिनोत जायचं का, यावरून. मी पाच हायस्कुलांच्या मार्कांचा तक्ता मांडून बसलेलो: फ्रीमाँट, होमस्टेड, क्युपर्टिनो, लिनब्रुक, माँटा व्हिस्टा. ही म्हणाली, "भाजीचा हिशेब सांगितला तर डोकं दुखतं, आणि हे बरं जमतं!" तेवढ्यात आठवीतली लेक पोह्यांतले दाणे वेचता वेचता म्हणाली, "बाबा, शाळेला मार्क कसे मिळतात? शाळा परीक्षेला कुठे बसते?"

समजवायला गेलो आणि फसलो. पाचही शाळा एकाच स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे एकाच शाळा-मंडळाच्या, शिक्षकांची पगारश्रेणी एकच. राज्याची इंग्रजी-गणिताची परीक्षा हायस्कुलात एकदाच, अकरावीत. मग आकड्यांत फरक कशाचा? कुणाच्या घरी दोन-दोन मास्टर्स, कुणाची आई दोन शिफ्टा करते, कुणाला इंग्रजी शाळेतच पहिल्यांदा भेटतं. म्हणजे मी शाळा म्हणून आईबापच मोजत होतो. होमस्टेडमधून ॲपलवाले वोझ्नियाक आणि जॉब्ज बाहेर पडले तेव्हा त्यांच्या वडलांनी असला तक्ता केला असेल, असं वाटत नाही.

आणि गंमत बघा. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया ज्या-त्या शाळेतल्या वरच्या ९ टक्के मुलांचा वेगळा विचार करते. आपण मात्र लाखो डॉलर जास्त मोजून मुलांना जिथे सगळेच पहिले येतात तिथे नेऊन बसवतो!

रागावू नका, पण संक्रांतीला तिळगूळ हातावर पडायच्या आत आपण विचारतो, "तुमचं घर कुठल्या शाळेत येतं?" बोर्डाची मेरिट लिस्ट गेली तेव्हा हुश्श केलेली माणसं आपण. मी तर जास्तच, दहावीला ६२ टक्के. पेढे वाटले होते आईनं, पण दार लोटून.

परवा झोपताना लेकीनं परत काढलं. "आपण गेलो की इथला आकडा अजून खाली येईल ना? मग तो बघून दुसरे पण जातील." तिची जिवलग मैत्रीण फ्रीमाँटलाच जाणार आहे.

मी दिवा मालवला.

शनिवारी एजंट क्युपर्टिनोतलं एक घर दाखवणार आहे. आम्ही दोघं आत जाऊन बघणार. लेक म्हणते, मी गाडीतच बसते.