चार अब्जांहून मोठी एक संख्या

श्रोतेहो, नमस्कार. आज मी एकाच संख्येविषयी बोलणार आहे. हाताशी कागद असेल तर ती लिहून घ्यावी: ४,२९,४९,६७,२९७, म्हणजेच चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लक्ष सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. २ च्या ३२व्या घातात १ मिळवला की ही संख्या येते.

२ च्या पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि सोळाव्या घातात १ मिळवल्यास अनुक्रमे ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या येतात, आणि त्या पाचही मूळ संख्या आहेत. घातांक असाच दुप्पट करत गेल्यास पुढची प्रत्येक संख्याही मूळच असेल, अशी खात्री फ्रेंच गणितज्ञ पिएर द फर्मा यांनी १६४० मधील पत्रांतून व्यक्त केली होती. आपली संख्या या रांगेत सहावी. तिला ६४१ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार ६७,००,४१७ येतो, हे १७३२ मध्ये लिओनार्ड ऑयलर यांनी दाखवले.

सगळे विभाजक तपासत बसण्याची येथे गरज नाही. या संख्येच्या कोणत्याही मूळ विभाजकातून १ वजा केला, तर उरलेल्या संख्येला ६४ ने भाग जावाच लागतो, हे पुढे ऑयलर यांनीच सिद्ध केले. त्यामुळे तपासायच्या मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१ एवढ्याच उरतात. या सिद्धतेचा पाया असलेले प्रमेय फर्मा यांनी त्याच १६४० साली मांडले होते. किल्ली त्यांच्या हातात होती, ती या कुलपाला लावली गेली नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

प्रत्यक्ष भागाकार न करताही ६४१ ची खात्री पटते. ६४० ही संख्या ६४१ हून एकाने कमी, म्हणून तिची बाकी उणे १ मानता येते, आणि तिच्या चौथ्या घाताची बाकी १ येते. आता ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा सातवा घात. तेव्हा तिचा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८वा घात. ६२५ ला ६४१ होण्यास १६ कमी पडतात, म्हणून ६२५ च्या जागी उणे १६ घ्यावे. १६ हा २ चा चौथा घात असल्याने एकूण गुणाकार उणे २ चा ३२वा घात होतो. त्याची बाकी १, याचाच अर्थ २ च्या ३२व्या घातात १ मिळवला की बाकी शून्य उरते. इतकी नेटकी सिद्धता अंकगणितात क्वचितच भेटते.

६७,००,४१७ ही स्वतः मूळ संख्या असल्याने अवयवांची फोड येथेच थांबते.

आपल्या संख्येतून २ वजा केल्यास मात्र त्या आधीच्या पाचही मूळ संख्यांचा गुणाकार मिळतो: ४,२९,४९,६७,२९५. इतक्या बाजूंचा सुसम बहुभुज केवळ पट्टी व कंपासने रचणे तत्त्वतः शक्य आहे, हे कार्ल फ्रीड्रिश गाउस यांच्या प्रमेयावरून निघते; आणि याहून अधिक, पण विषम, बाजूंचा असा एकही बहुभुज अद्याप ज्ञात नाही.