पटलावर ठेवलेला आमचा अर्ज

श्रोतेहो, नमस्कार.

मी भांडुपचा. एका इंजिनिअरिंग कारखान्यात बत्तीस वर्षं टर्नर म्हणून काम केलं, आता निवृत्त आहे. आमच्यासारख्यांना ‘ईपीएस-९५वाले’ म्हणतात, म्हणजे १९९५ साली सुरू झालेल्या कर्मचारी पेन्शन योजनेतले पेन्शनर. संसदेचं अधिवेशन असलं की सकाळी पावणेअकराला माझा चहा झालेला असतो आणि मी टीव्हीवर राज्यसभा लावून, वही-पेन घेऊन बसतो. नातू विचारतो, “आजोबा, मॅच असल्यासारखे काय बसता?” त्याला जे सांगतो, तेच आज तुम्हाला सांगायला आलोय.

अकराच्या ठोक्याला मार्शल पुकारा करतात, सगळे उभे राहतात, सभापती आसनावर येतात. एखादे माजी सदस्य निवर्तले असतील तर श्रद्धांजली होते. मग कागदपत्रं पटलावर ठेवली जातात, म्हणजे सभागृहापुढे रीतसर मांडली जातात. एकेक मंत्री उठतो, आपल्या नावापुढची कागदपत्रं ठेवतो असं म्हणतो आणि बसतो. बघणाऱ्याला वाटेल, यात काय आहे? पण महामंडळांचे वार्षिक अहवाल, नियमांच्या अधिसूचना, समित्यांचे अहवाल, सगळं त्या काही मिनिटांत सभागृहात येतं आणि तिथून पुढे तुम्हाआम्हाला वाचायला मिळतं. आम्हा पेन्शनरांचं एक मोठं काम असंच कागद होऊन त्या सभागृहात आलं होतं. ते सांगतोच.

त्यानंतर शून्य प्रहर, म्हणजे सदस्यांनी तातडीचे विषय मांडायची वेळ. सदस्याला तीन मिनिटं मिळतात. वेळ संपली की माइक बंद होतो, वाक्य अर्धं राहिलं तरी. त्यामुळे ज्याने घरून तयारी केलीय आणि जो नुसता उठून उभा राहिलाय, त्यांच्यातला फरक लगेच कळतो. एखादा सदस्य कुठल्याशा जिल्ह्यातला पूल, एखाद्या पिकाचा भाव किंवा लोकलमधली गर्दी तीन मिनिटांत अशी मांडतो, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभी राहावी. असं भाषण ऐकलं की मी वहीत त्याचं नाव लिहून ठेवतो. पक्ष लिहीत नाही.

बाराला प्रश्नोत्तरं. लोकसभेत ती सकाळी अकरालाच होतात. राज्यसभेतही पूर्वी तसंच होतं, २०१४ पासून वेळ बदलली. दिवसाला पंधरा तारांकित प्रश्न असतात, ज्यांवर सभागृहात तोंडी विचारणा होते, शिवाय १६० अतारांकित, ज्यांचं उत्तर फक्त लेखी मिळतं. तारांकित प्रश्नाचं मूळ उत्तर छापूनच आलेलं असतं. खरी परीक्षा पुरवणी प्रश्नाची, म्हणजे त्या उत्तरावर तिथल्या तिथे विचारलेल्या प्रश्नाची. तो आधी कळवायचा नसतो. मंत्र्याने विषय वाचलाय की नाही, हे त्या एका मिनिटात उघडं पडतं. पेन्शनचा प्रश्न यादीत असला की मी जेवायला उठत नाही. “विषय विचाराधीन आहे,” हे उत्तर मी इतक्या वेळा लिहून घेतलंय, की आता त्याच्यापुढे नुसती तारीख टाकतो.

आणि काही दिवस असे येतात की अकराला पाच मिनिटं झाली नाहीत तोच घोषणा सुरू होतात, सदस्य हौद्यात, म्हणजे सभापतींच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत उतरतात आणि सभागृह तहकूब होतं. छापील उत्तरं तेव्हाही पटलावर ठेवली असं धरतात, पण पुरवणी प्रश्न बुडतात ते बुडतातच. मला फार राग येतो. आमच्या शॉपमध्ये पाळी बुडाली की पगार कापत.

दुपारी विधेयकं. बहुतेक वेळा आवाजी मतदान होतं. मतविभागणी, म्हणजे एकेक मत मोजून मतदान मागितलं की घंटा वाजतात, दरवाजे बंद होतात. १९७० साली मी शाळेत होतो. संस्थानिकांचे तनखे, म्हणजे जुन्या राजांना सरकारकडून दरवर्षी मिळणारे पैसे, बंद करणारी घटनादुरुस्ती लोकसभेत मंजूर होऊन राज्यसभेत आली. बाजूने १४९, विरोधात ७५. मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश म्हणजे दीडशे मतं हवी होती. एक मत कमी पडलं, हिशेबाने पाहिलं तर एका मताचाही तिसरा हिस्सा कमी पडला, आणि ती घटनादुरुस्ती पडली. वडील गिरणीतून येऊन पेपर वाचत होते. त्यांनी ती बातमी मला दोनदा मोठ्याने वाचायला लावली. तनखे पुढच्या वर्षी गेलेच, पण एका मताचं वजन मला तेव्हापासून माहीत आहे.

आता आमची गोष्ट. संसदेकडे सामान्य नागरिकही अर्ज करू शकतो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. राज्यसभेची अर्जांसाठी वेगळी समिती आहे. आमच्या पेन्शन योजनेत सुधारणा करा, असा अर्ज तिच्याकडे गेला. तेव्हा समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी होते, जे पुढे आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. समितीने अर्जदारांचं ऐकलं, मंत्रालयाला विचारलं आणि २०१३ साली अहवाल दिला: किमान पेन्शन तीन हजार करा, सरकारने आपला वाटा वाढवा. २०१४ साली सरकारने किमान पेन्शन ठरवली ती एक हजार. आमचं समाधान झालं नाही, होणारही नव्हतं. हजार रुपयांत महिन्याची औषधं येत नाहीत. पण त्याआधी किमान असा आकडाच नव्हता, अनेकांना महिन्याला काही शे रुपये मिळत. आजही देशभरातल्या पेन्शनरांच्या सभेत कोणीही उभा राहिला, की पहिला शब्द ‘कोश्यारी समिती’ असतो. ते नुसतं तोंडी आश्वासन असतं तर वाऱ्यावर गेलं असतं. अहवाल आहे, म्हणून दाखवता येतो.

राज्यसभेला लोक ‘मागच्या दाराने जाणाऱ्यांचं सभागृह’ म्हणतात. मला ते लागतं. १९५२ साली उत्तर मुंबईत लोकसभेला हरल्यावर बाबासाहेब आंबेडकर मुंबई राज्यातून याच सभागृहात गेले आणि १९५६ साली निधन होईपर्यंत तिथले सदस्य राहिले. आपल्या राज्याच्या तिथे १९ जागा आहेत. नरिमन पॉइंटला विधान भवनात आपण निवडून दिलेले आमदार निवडणूक आयोगाने दिलेल्या जांभळ्या पेनाने पसंतीक्रम लिहितात, त्यातून हे १९ जण जातात. म्हणजे आपल्याच मतातून. तरी आमच्या कट्ट्यावर विचारलं तेव्हा पाचांच्या वर नावं कोणाला सांगता आली नाहीत. मलाही सात आली होती. आता सगळी पाठ आहेत.

गेल्या महिन्यात सूनबाईने मला मोबाइलवर राज्यसभेच्या संकेतस्थळावरून जुनी उत्तरं काढायला शिकवलं. आता कट्ट्यावरच्या आम्ही अकरा जणांनी नवा अर्ज लिहायला घेतलाय. अशा अर्जाच्या शेवटी नेमकी मागणी काय, ते स्पष्ट लिहावं लागतं. बाकी दोन पानं तयार आहेत. त्या एका वाक्यावर मात्र दोन रविवार गेले. कोणी म्हणतं तीन हजारच लिहा, समितीने म्हटलंय. कोणी म्हणतं २०१३च्या तीन हजारांत आता काय येतं, महागाईची जोड मागा. येत्या रविवारी सकाळी नऊला, बागेत शिरल्यावर डावीकडच्या बाकांवर पुन्हा बसणार आहोत. भांडुपचे कोणी ईपीएसवाले ऐकत असतील तर त्यांनी यावं, येताना आपला पेन्शनचा कागद बरोबर आणावा.