कारखान्यात राहायला गेलेली माणसं
(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, ‘लॉफ्ट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर माळा येतो. फुटक्या बादल्या आणि वर्षानुवर्षं न उघडलेल्या ट्रंका ठेवायची जागा. मी ज्याबद्दल बोलणार आहे तो लॉफ्ट म्हणजे कारखान्याचा अख्खा मजला. आत भिंती नाहीत, छत बारा-चौदा फुटांवर, मध्ये लोखंडी खांबांची रांग आणि रस्त्याकडे उंचच उंच खिडक्या. आज कुठेही जुन्या गोदामाची घरं झाली की जाहिरात एवढ्याच गोष्टींची होते. ही टूम जगभर पसरली ती मुख्यतः न्यूयॉर्कच्या सोहोमुळे. ‘साउथ ऑफ हाउस्टन’, म्हणजे हाउस्टन रस्त्याच्या दक्षिणेचं, ते सोहो. तिथे ह्यूस्टन म्हणालात तर पाहुणे म्हणून लगेच ओळखू याल!

आधी खिडक्यांचं बोलू. त्या कुणी हौसेनं बसवलेल्या नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे दुकानं आणि गोदामं उभी राहिली, पुढे शिवणकामाचे कारखाने आले. जमिनीचा एक तुकडा साधारण 25 फूट रुंद आणि 100 फूट खोल, दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत. विजेचे दिवे नव्हते. उजेड येणार तो फक्त पुढून आणि मागून, आणि खिडकी जितकी उंच तितका तो आत खोलवर पोचणार. दगडी भिंतीला एवढी भगदाडं पाडली तर ती उभी कशी राहील? म्हणून ओतीव लोखंड आलं. खांब, कमानी, नक्षी सगळं ओतशाळेत साच्यातून काढायचं आणि जागेवर नटबोल्टांनी जोडायचं. वर रंग असा द्यायचा की लोखंड दगडासारखं दिसावं. आजही कोणती भिंत खरी लोखंडी हे बघायला लोक चुंबक लावून पाहतात. ब्रूम स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची हॉवट इमारत 1857ची. माणसांसाठीची आपली पहिली लिफ्ट ओटिसनं तिथेच बसवली.

दुसऱ्या महायुद्धानंतर कारखानदारांना एकमजली, ट्रक थेट आत येईल अशा शेड हव्या होत्या. मालवाहू लिफ्टनं पाचव्या मजल्यावर माल चढवणं परवडेना. आगी इतक्या लागायच्या की त्या भागाला ‘नरकाचे शंभर एकर’ म्हणत. त्यात शहरातले बडे बांधकाम अधिकारी रॉबर्ट मोझेस यांची ब्रूम स्ट्रीटवरून महामार्ग नेण्याची योजना. उद्या पाडली जाणार म्हटल्यावर इमारतीवर पैसा कोण घालणार? भाडी उतरली आणि चित्रकार, शिल्पकार आत शिरले. म्हणजे उजेड मिळाला कारखान्यामुळे आणि स्वस्ताई मिळाली पाडापाडीच्या भीतीमुळे. लेखिका जेन जेकब्स आणि इतरांच्या विरोधामुळे ती योजना 1969मध्ये बारगळली.

तिथे राहणं तेव्हा बेकायदा होतं. बॉयलर कारखान्याच्या वेळेपुरता चाले, त्यामुळे संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी थंडीत कुडकुडायचं. निरीक्षक येणार कळलं की आधी बिछाना लपवायचा. एक गोष्ट मात्र लपवून चालणार नव्हती. आग लागली तर वर माणूस आहे हे अग्निशामक दलाला कळायला हवं. म्हणून 1960च्या दशकात दारावर ‘ए. आय. आर.’ (आर्टिस्ट इन रेसिडेन्स) अशी पाटी लागू लागली. अर्थ: इथे कलावंत राहतो, आणि अमुक मजल्यावर राहतो.

जॉर्ज मॅच्युनस या कलावंतानं 1967मध्ये 80, वूस्टर स्ट्रीटला सहकारी तत्त्वावर इमारत घेतली आणि पुढे आणखी कितीतरी. कागदपत्रं धड नव्हती, सरकारी माणसं मागे लागली, तेव्हा पठ्ठ्यानं दाराला गिलोटिनची पाती बसवली!

कायदा मागून आला. 1971मध्ये प्रमाणपत्र असलेल्या कलावंतांना राहायची मुभा मिळाली, 1973मध्ये सोहो वारसा क्षेत्र ठरलं आणि 1982च्या लॉफ्ट कायद्यानं इतरत्र असे राहणाऱ्यांनाही संरक्षण दिलं.

पण एक गोष्ट या कौतुकात हमखास गळते. ‘रिकाम्या’ इमारती कलावंतांनी वाचवल्या असं सांगतात. त्या सगळ्या रिकाम्या नव्हत्या. नियोजनतज्ज्ञ चेस्टर रॅपकिन यांनी 1963मध्ये शहरासाठी पाहणी केली, तेव्हा तिथे छोटे कारखाने चालू होते आणि कामगारांत कृष्णवर्णीय व पोर्तो रिकन माणसं, विशेषतः बायका, मोठ्या संख्येनं होत्या. पाडापाडी नको, असं रॅपकिन यांनी म्हटलं ते या रोजगारासाठी. इमारती राहिल्या, रोजगार गेला. मला हे फार खटकतं.

आता प्रत्यक्ष राहण्याचं. शंभर फूट खोल मजल्याचा मधला भाग दिवसाही अंधारा, म्हणून न्हाणीघर आणि अडगळ तिथे ढकलावी लागते. आवाज घुमतो. उष्ण हवा छताशी जाऊन बसते आणि पाय गार पडतात. दोन माणसांचं भांडण झालं तर आपटायला दार नाही! डोनाल्ड जड या शिल्पकारानं 1968मध्ये 101, स्प्रिंग स्ट्रीटची 1870ची इमारत घेतली, तेव्हा मजल्यांत भिंती घालून खोल्या पाडल्या नाहीत. एक मजला जेवायचा, एक कामाचा, एक झोपायचा. खोल्यांऐवजी मजले. पाच मजले हाताशी असले की हे जमतं. एकाच मजल्यावर मुलंबाळं असतील तर भिंत घालावीच लागते, आणि ती खिडकीला काटकोनात घालावी, म्हणजे उजेड अडत नाही.

डिसेंबर 2021मध्ये सोहोतले नियम पुन्हा बदलले. आता कलावंत नसलेल्यांनाही रीतसर राहता येतं. मात्र कलावंतांसाठी राखलेलं घर साधं घर करून घ्यायचं तर कला-निधीत दर चौरस फुटामागे 100 डॉलर भरायचे, अशी अट 2021च्या त्या नियमांत होती.